मार खाल्लेला प्रत्येक जण मारणारा होत नाही, ती चौकट चुकलीय

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लहान मुलांच्या छळावर जो लेख आला होता त्याबद्दल लिहितोय. लेख चांगल्या हेतूने लिहिलाय यात वादच नाही, हा विषय लोक दाराआड ठेवतात आणि तुम्ही त्याला पानभर जागा दिलीत, पण मधोमध चौकटीत ठळक अक्षरात जे वाक्य टाकलंय ना, "मार खाल्लेली मुलंच मोठेपणी मारणारे आईबाप होतात", ते काही डोक्यातून जाईना. कारण मी त्याच वाक्यातला माणूस आहे. लहानपणी चिक्कार मार खाल्लाय, पट्ट्याने, चपलेने, हाताला येईल त्याने, आणि आज मी स्वतः बाप आहे. म्हणजे तुमच्या चौकटीप्रमाणे मी काय आहे ते ठरलेलंच आहे, फक्त पुरावा मिळायचा बाकी.

मी डॉक्टर नाही की मानसशास्त्रवाला नाही. पण प्रश्न स्वतःचाच असल्यामुळे या विषयावर जे जे हाताला लागलं ते वाचत आलोय, आणि त्यातून माझं मत असं झालंय की ते वाक्य धड खोटंही नाही आणि खरंही नाही, आणि अशा अर्धवट वाक्याचं बिल भरावं लागतं ते ज्यांनी आधीच सोसलंय त्यांना. लेख आल्यावर नात्यातल्या एका मुलीने, जिचं नुकतंच लग्न झालंय, मला त्या चौकटीचा फोटो पाठवला आणि खाली एवढंच टाईप केलं, "दादा, मग आम्ही मूल होऊ द्यायचंच नाही का?" तिला जे कळवलं तेच जरा सविस्तर तुम्हाला लिहितोय.

सगळा घोळ मोजणी कुठून सुरू केली त्यात आहे. 1979 साली अमेरिकेत हंटर आणि किलस्ट्रॉम या दोन संशोधकांनी एक स्टडी छापला, जन्मल्या जन्मल्या अतिदक्षता विभागात ठेवावं लागलेल्या बाळांच्या 282 आईबापांशी बोलून. त्यातल्या 49 जणांनी सांगितलं की आमच्या लहानपणी आमचा छळ झालाय किंवा आमच्याकडे कोणी बघितलंच नाही. मग वर्षभर त्या कुटुंबांकडे लक्ष ठेवलं. वर्षभरात 10 बाळांच्या बाबतीत छळ किंवा दुर्लक्ष झाल्याचं नोंदलं गेलं आणि त्या 10 पैकी 9 जणांचे आईबाप या 49 मधले निघाले. आता हेच आकडे एखाद्याने शेवटाकडून वाचले, म्हणजे आधी मारणारे आईबाप शोधले आणि मग त्यांना विचारलं की बाबा तुझं लहानपण कसं होतं, तर उत्तर येतं 10 मधले 9, म्हणजे 90 टक्के, आणि लगेच चौकट तयार. पण सुरुवातीकडून वाचा. सोसलेले 49, त्यातले 9 जणांनी पुढे तेच केलं, म्हणजे 18 टक्के. उरलेल्या 40 जणांनी नाही केलं. तोच स्टडी, तीच माणसं, तेच आकडे. एका बाजूने वाचलं तर शाप, दुसऱ्या बाजूने वाचलं तर पाचातले चार जण सुटलेत.

आता हेही खरं की ते फक्त पहिलं वर्ष होतं आणि मूल खरं डोकं फिरवतं ते पुढे, चालायला बोलायला लागल्यावर, त्यामुळे 18 हा आकडा कमीच असणार. 1987 मध्ये कॉफमन आणि झिगलर यांनी तोपर्यंतचे सगळे स्टडी एकत्र मांडून हिशोब केला तेव्हा त्यांचा अंदाज साधारण 30 टक्क्यांचा आला, पाच इकडे पाच तिकडे. म्हणजे तीनातला एक. बाकीच्या लोकांमध्ये हेच प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास धरतात, त्यामुळे 30 हा आकडा लहान नाहीये, सहापट आहे, आणि मी तो लपवणार नाही. 2019 मध्ये 142 स्टडी एकत्र करून पुन्हा तपासलं गेलं, तिथेही निष्कर्ष हाच की संबंध आहे, पण मध्यम आहे. धोका वाढतो. पण धोका वाढणं आणि नशिबात असणं या दोन गोष्टी एकाच चौकटीत कोंबल्या की जो माणूस रोज स्वतःला आवरून धरतोय त्याला तुम्ही सांगताय की तुझा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, मोजलं कोणाला जातं. कॅथी विडम नावाच्या संशोधक बाई आहेत, त्यांनी 1967 ते 1971 या काळात कोर्टात सिद्ध झालेल्या केसेसमधली 908 मुलं घेतली आणि त्यांच्याच वयाची, तशाच घरांमधली पण ज्यांची अशी नोंद नाही अशी 667 मुलं घेतली, आणि दोन्ही गटांचा माग ती मोठी होऊन आईबाप होईपर्यंत काढला. 2015 मध्ये त्यांनी जे छापलं ते वाचून मी खुर्चीत ताठ बसलो. त्यांनी एकाच ठिकाणी चौकशी केली नाही, आईबापांना विचारलं, त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांनाही विचारलं, आणि सरकारी रेकॉर्डही पाहिलं. सरकारी रेकॉर्डमध्ये लहानपणी सोसलेल्यांची नावं जवळपास दुप्पट होती. पण ज्यांनी स्वतःच कबूल केलं की हो आमच्याकडून मुलांच्या बाबतीत असं झालंय, त्यांच्यातसुद्धा रेकॉर्डवर येण्याचं प्रमाण सोसलेल्या गटात दुसऱ्या गटाच्या साधारण दुप्पट निघालं. म्हणजे करणारे दोन्हीकडे, पकडले जास्त जातात ते ज्यांच्यावर आधीपासून नजर आहे ते. ज्याच्या घरी लहानपणीच सरकारी माणूस येऊन गेला त्याच्या पोराच्या गुडघ्याला खरचटलं तरी कोणीतरी वही उघडतं, आणि ज्याचं घर बाहेरून टापटीप, बोलणं इंग्रजाळलेलं, ओळखीपाळखी वरपर्यंत, त्याच्या पोराचा हात मोडला तरी सायकलवरून पडला.

आणि त्याच स्टडीतली अजून एक गोष्ट, जी तुमच्या लेखात कुठेच नव्हती. मारहाणीची साखळी तिथे फारशी दिसलीच नाही. दिसली ती दुर्लक्षाची आणि लैंगिक छळाची. आपण छळ म्हटलं की लगेच वळ उठलेली पाठ डोळ्यासमोर आणतो, पण अमेरिकेसारख्या ठिकाणी, जिथे व्यवस्थित नोंदी ठेवतात, तिथे सगळ्यात मोठा ढीग दुर्लक्षाच्या केसेसचा असतो. दुर्लक्षाचा फोटो निघत नाही ना, म्हणून चौकटही होत नाही. मला तरी वाटतं की पिढीतून पिढीत सरकायला हीच गोष्ट सगळ्यात सोपी, कारण यात कोणी काही करत नाही, न करणंच पुढे जातं. ज्या आईला लहानपणी रात्री रडल्यावर कोणी उचललं नाही तिला बाळ रडलं की उचलायचं असतं हे कोण सांगणार, तिच्या अंगाला ते माहीतच नाही. ती दुष्ट नसते. तिच्या कानावर ते रडणं पडतं आणि ती भिंतीकडे बघत बसते. अशा आईला "मारू नका" सांगून काय होणार, ती कुठे मारतेय.

मग हे रक्तातून येतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की विचारायची सोय नाही. वडील चिडायचे तेव्हा त्यांचा जबडा जसा व्हायचा तसा माझा होतो, आरशात दिसतो. याचं उत्तर माणसांवर प्रयोग करून मिळणार नाही उघडच आहे, पण माकडांवर मिळालंय. ऱ्हीसस जातीच्या माकडांमध्ये काही माकडिणी स्वतःच्या पिल्लांना खरंच ओढतात, आपटतात, तुडवतात. डारिओ माएस्ट्रिपिएरी नावाच्या संशोधकांनी जन्मल्याबरोबर पिल्लांची अदलाबदल केली, मारकुट्या आईची पिल्लं शांत आईकडे, शांत आईची मारकुट्या आईकडे, आणि त्या पिल्लांना स्वतःची पिल्लं होईपर्यंत थांबले. 2005 मध्ये निकाल छापला. मारकुट्या आईच्या हाताखाली वाढलेल्या 16 माद्यांपैकी 9 पुढे मारकुट्या झाल्या, मग जन्म कोणाच्या पोटी का असेना. आणि शांत आईने वाढवलेल्या 15 पैकी एकही झाली नाही, जन्म मारकुटीच्या पोटचा असला तरी. एकही नाही. माणूस म्हणजे माकड नाही हे मलाही कळतं आणि आपल्यात जीन्सचा काहीच वाटा नाही असं कोणी ठामपणे म्हणत नाही, पण "घराण्याचं रक्तच गरम" असं जे सहज बोललं जातं त्याला या 15 माद्या बऱ्यापैकी उत्तर देतात. आणि बघा, तिथेही मारकुटीकडे वाढलेल्या 16 मधल्या 7 जणी सुटल्याच.

रक्तातून नाही तर कशातून, यावर माझं स्वतःचं एक मत आहे आणि ते सांगायलाच खरं म्हणजे हे पत्र एवढं लांबलंय.

एक वाट नजरेतून जाते. केनेथ डॉज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये चार पाच वर्षांच्या मुलांवरचा स्टडी छापला होता, त्यात घरी मार बसलेली मुलं दुसऱ्याच्या साध्या कृतीमागेसुद्धा वाईट हेतू बघतात असं दिसलं, म्हणजे कोणाचा धक्का लागला तरी यांना वाटतं मुद्दाम मारला. हे त्या मुलाच्या दृष्टीने बरोबरच आहे, त्याच्या घरात धोका आधी ओळखणं हेच शहाणपण होतं. पण तेच मूल मोठं होतं, त्याला बाळ होतं, बाळ रात्री तीन वाजता रडतं आणि बापाच्या डोक्यात येतं, "हा मुद्दाम करतोय, मला छळायला करतोय." तीन महिन्यांचं बाळ मुद्दाम काय करणार हो? पण तसं वाटतं. मला वाटलंय. हात उगारायच्या आधी एक अर्थ लावला जातो आणि खरा घात तिथे होतो, हात नंतर येतो.

दुसरी वाट मला जास्त महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हसण्यातून. माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी झाडाला बांधून मारलं होतं. ही गोष्ट आमच्या घरात विनोद म्हणून सांगितली जायची, पाहुणे आले, गप्पा रंगल्या की वडील उठून अभिनय करून दाखवायचे, दोरी कशी होती, आजोबा काय ओरडत होते, आजी कशी मध्ये पडली आणि तिलाही एक बसली, आणि सगळे पोट धरून हसायचे, आणि शेवटी वडील म्हणायचे, "पण म्हणून घडलो बघा." तपशील सगळा लक्षात होता त्यांच्या. दोरीचा रंगसुद्धा. एकच गोष्ट त्या गोष्टीत कधी आली नाही, की त्या आठ नऊ वर्षांच्या पोराला काय वाटत होतं. आणि ज्या संध्याकाळी ही गोष्ट सांगून झाली त्याच रात्री मला मार बसलेला आहे.

सेल्मा फ्रायबर्ग यांनी 1975 मध्ये लहान बाळं आणि त्यांच्या आयांवर काम करताना हेच लिहून ठेवलं होतं, मला ते खूप उशिरा वाचायला मिळालं. त्यांना दिसलं असं की ज्या आईबापांकडून लहानपणचा छळ पुढे चालू राहतो त्यांना घटना आठवतात, नीट बारकाईने आठवतात, पण त्या वेळची भीती, दुःख, अपमान आठवत नाही, ते कुठेतरी बंद करून ठेवलेलं असतं. आणि ज्यांना ते दुखणं अजून आठवतं ते सहसा आपल्या मुलाला तिथे नेत नाहीत. त्यांचा उपाय पण साधा वाटतो ऐकायला, आधी त्या आईचं रडणं कोणीतरी ऐकायचं, मग तिला बाळाचं रडणं ऐकू यायला लागतं.

पुढे मेरी मेन आणि त्यांच्या बरोबरच्यांनी मोठ्या माणसांना त्यांचं लहानपण विचारायची एक मुलाखतीची पद्धतच तयार केली, आणि ती वापरून लंडनमध्ये पीटर फोनागी आणि स्टील दांपत्य या संशोधकांनी (हे 1991 मध्ये छापलंय) बायकांच्या गरोदरपणातच मुलाखती घेतल्या आणि त्यावरून अंदाज बांधला की बाळ वर्षाचं झाल्यावर त्याचं आईशी नातं सुरक्षित असेल की नाही. साधारण 75 टक्के वेळा अंदाज बरोबर आला, बाळ जन्मायच्या आधी सांगितलेला! आणि त्या मुलाखतीत गुण लहानपण किती सुखाचं होतं याला नसतात. ते सांगता कसं येतं याला असतात, गोष्ट सलग आहे का, "आमचे बाबा म्हणजे देवमाणूस" म्हणून पुढच्याच वाक्यात पट्टा येतो का, रडायच्या जागी हसू येतं का. वाईट लहानपण असलेली बाई सरळ सांगू शकली की हो असं झालं, मला भीती वाटायची, ते चूक होतं, तर तिचं बाळ ठीक असण्याची शक्यता चांगली असते.

म्हणून "आम्हालाही मार बसला, काय बिघडलं आमचं?" हे वाक्य मला सगळ्यात धोकादायक वाटतं. चौकटीत टाकायचंच असेल तर हे टाका. मारणारी माणसं बहुतेक वेळा राक्षस नसतात, ती हे वाक्य मनापासून मानणारी असतात, आणि ते मानावं लागतं कारण नाही मानलं तर आपल्या आईबापांनी आपल्यावर अन्याय केला हे मान्य करावं लागेल, आणि ते म्हाताऱ्या झालेल्या आईबापांसमोर कोणाला जमतंय.

आता सुटलेले लोक कसे सुटतात. बायरन एगलंड यांच्या टीमने मिनेसोटामध्ये गरीब घरातल्या, पहिलटकरीण आयांचा 1975 पासून माग ठेवला होता, 1988 मध्ये त्यांनी लिहिलं की लहानपणी छळ झालेल्या पण स्वतःच्या मुलांना नीट वाढवणाऱ्या आयांमध्ये तीन गोष्टी जास्त दिसल्या. लहानपणी कोणीतरी एक मोठं माणूस होतं ज्याने माया लावली, किंवा आयुष्यात कधीतरी थेरपी घेतलेली होती, किंवा सध्याचा जोडीदार भरवशाचा होता. ब्रिटनमधल्या जुळ्या मुलांच्या 1,100 हून जास्त कुटुंबांवरच्या स्टडीतही 2013 मध्ये जवळपास हेच आलं, ज्या घरात नवरा बायकोचं नातं विश्वासाचं, मारहाण नाही, तिथे साखळी तुटण्याचं प्रमाण जास्त. लक्षात येतंय का, यातली एकही गोष्ट "मनाशी ठरवलं" या प्रकारातली नाही. सगळ्या दुसऱ्या माणसाकडून मिळालेल्या आहेत. मला शेजारच्या एक काकू मिळाल्या होत्या, फार काही करायच्या नाहीत, मार बसला की त्यांच्याकडे जाऊन बसलो तर कारण न विचारता बसू द्यायच्या, आणि एकदा मला ऐकू येईल असं वडिलांना म्हणाल्या, "पोराची चूक एवढी नव्हती." त्या एका वाक्यावर मी किती वर्षं काढलीत हे त्यांना माहीत पण नाही.

(कंसातच एक तक्रार करून घेतो. यातले बरेच स्टडी वाचताना बाप कुठे दिसतात का बघा. आयांच्या मुलाखती, आयांची लहानपणं, माकडांमध्ये पण माद्या. बापांना फारसं कोणी विचारायला जात नाही, आणि मग सगळा दोष पण आयांच्याच नावावर जमा होतो.)

ठरवून होत नाही म्हणालो ते जरा स्पष्ट करतो, कारण यावर लोक चिडतील. आमच्यासारख्या प्रत्येकाने लहानपणी कुठेतरी कोपऱ्यात बसून शपथ घेतलेली असते की मी माझ्या मुलांना कधीच असं करणार नाही. शपथ खरी असते. पण शपथेत फक्त काय करायचं नाही तेवढंच असतं. पोरगं ऐकत नाहीये, ऑफिसला उशीर होतोय, दूध सांडलंय, तेव्हा काय करायचं हे शपथेत नसतं, कारण आपण ते कधी बघितलेलंच नसतं. मग दोनच गोष्टी येतात, एकतर वडिलांसारखं ओरडणं मारणं, नाहीतर सगळं सोडून देणं, काहीच न बोलणं, उठून दुसऱ्या खोलीत जाणं आणि मुलाला वाटतं बाबांना माझं काही पडलंच नाहीये. शपथ पाळली जाते आणि मूल तरी एकटंच राहतं.

हे शिकवता येतं हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं. शीला आयबर्ग यांनी एक थेरपी बनवली, त्यात आई किंवा बाप एका खोलीत मुलाशी खेळतो, काचेच्या पलीकडे थेरपिस्ट असतो, पालकाच्या कानात छोटा इअरफोन, आणि थेरपिस्ट तिथल्या तिथे कानात सांगत राहतो की आता तो काय बनवतोय त्याबद्दल बोला, आता त्याने चांगलं केलं ते नाव घेऊन सांगा, आता तो किंचाळतोय तर सध्या लक्ष देऊ नका, आता सूचना एकच आणि सरळ द्या. म्हणजे भाषण नाही, त्या क्षणाला कानात आवाज. मुलांना मारल्याची नोंद झालेल्या 110 पालकांवर हे करून बघितलं, नेहमीच्या पालक वर्गाशी तुलना करून, 2004 मध्ये छापलंय. सव्वादोन वर्षांहून जास्त काळ माग ठेवला तर नेहमीच्या वर्गातल्या 49 टक्के पालकांची पुन्हा तक्रार आली आणि या कानातल्या आवाजवाल्यांची 19 टक्के. हे असे लोक होते ज्यांनी आधीच हात उचललेला होता! 49 आणि 19 यांच्यात जे अंतर आहे तेवढी मुलं वाचली, आणि ती पालकांना राक्षस ठरवून नाही वाचली.

त्याच्याही आधी करता येतं. डेव्हिड ओल्ड्स यांनी 1970 च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा गावात 400 गरोदर बायकांवर प्रयोग केला, काही जणींच्या घरी गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत नर्स नियमित जायची, बाळाचं बघायची, आईचं पण ऐकायची. मुलं 15 वर्षांची झाल्यावर हिशोब केला तर नर्स गेलेल्या घरांमध्ये छळाच्या आणि दुर्लक्षाच्या सिद्ध झालेल्या तक्रारी जवळपास निम्म्या होत्या. फक्त एक गोम होती, ज्या घरात नवरा बायकोला वारंवार मारत होता तिथे या नर्सचा काही फरक पडला नाही. ही गोम मला फार मोठी वाटते. आईला मार बसतोय तोवर मुलासाठी काही करायला जाल तर ते टिकत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. स्वीडनने 1979 मध्ये घरातसुद्धा मुलांना मारायला बंदी केली, जगात पहिल्यांदा, आणि ती बातमी लोकांपर्यंत जावी म्हणून दुधाच्या खोक्यांवर छापली. लोकांना वाटतं असा कायदा आईबापांना तुरुंगात टाकायला असतो, तिथला उद्देश तो नव्हताच, उद्देश हा होता की "आम्हालाही बसला" म्हणणाऱ्याला समाजाने मान डोलावू नये. मला हे पटतं.

आता तुमचे काही वाचक म्हणतील की हा माणूस मारणाऱ्यांची बाजू घेतोय. अजिबात नाही. मूल आज मार खात असेल तर बापाचं लहानपण कसं होतं हा प्रश्न आज नाही, आज मूल बाजूला काढायचं, तक्रार करायची, शेजाऱ्यांनी तोंड उघडायचं. बापाचं लहानपण हे कारण आहे, परवाना नाही. आणि उलट बाजूने, सोसलेल्यांच्या मागे जे "आता माफ कर, म्हातारे झालेत" असं लागतं सगळं जग, तेही थांबवा. साखळी तोडायला माफी लागते असं मी कुठेही वाचलेलं नाही. खरं सांगता येणं लागतं असं वाचलंय. मी वडिलांना माफ केलंय का, मला माहीत नाही, त्यांच्या औषधांची वेळ मी सांभाळतो, आणि ती दोरीची गोष्ट आता माझ्या मुलांसमोर सुरू झाली की मी मध्येच म्हणतो, "बाबा, तुम्हाला तेव्हा खूप भीती वाटली असेल ना." ते थांबतात. पहिल्यांदा चिडले होते. हल्ली नुसतेच गप्प होतात, आणि माझी मोठी मुलगी त्यांच्याकडे बघत बसते, हसत नाही.

संपादक महोदय, तुमच्याकडून अपेक्षा एवढीच. ती चौकट दुरुस्त करा, छोट्या टाइपात केलीत तरी चालेल. आणि पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा शेवटी नुसता तक्रारीचा नंबर देऊ नका, तो द्याच, पण ज्या आईला किंवा बापाला हात उगारायच्या आधीच्या क्षणाला कोणाशी तरी बोलायचंय त्याने फोन कुठे करायचा ते पण द्या, आणि तसा नंबर शोधून सापडला नाही तर तीच बातमी करा. बापांशी बोलणारा एखादा वार्ताहर असेल तर मी बोलायला तयार आहे, पत्ता वेगळ्या कागदावर जोडलाय.

वडील तुमचाच पेपर वाचतात, त्यामुळे नाव छापू नये ही विनंती.

आपला,
एक वाचक